पाणी निवळले, पण टाकी तयार झाली का?

नाशिक, प्रतिनिधी

नव्या घराच्या दिवाणखान्यात मत्स्यपेटी असावी, ही हौस शहरांत आता चांगलीच रुजली आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत, वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या इंदिरानगरसारख्या सदनिकांच्या वसाहतीत कुत्रा किंवा मांजर पाळणे प्रत्येकाला जमतेच असे नाही. अशा घरात मुलांचा हट्ट बहुधा रंगीत माशांवर येऊन थांबतो. वास्तुशांतीचा मुहूर्त साधून काचेची टाकी येते, तळाशी खडे पसरले जातात, फिल्टर सुरू होतो. एका रात्रीत पाणी आरशासारखे निवळते आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतले मासे टाकीत सोडले जातात. पहिले चार-पाच दिवस सारे आलबेल असते. मग एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, दुसरा अन्न घेत नाही आणि दहा-पंधरा दिवसांत निम्मी टाकी रिकामी होते.

दोष मग दुकानदाराला दिला जातो, खाद्याला दिला जातो, क्वचित कोणाच्या दृष्टीलाही दिला जातो. वस्तुतः मासे निरोगी असतात आणि खाद्यही चांगले असते. कमतरता असते ती टाकीची. दिसायला तयार असलेली टाकी मासे सांभाळण्यास तयार नसते. मत्स्यपालनाच्या छंदात या प्रकाराला 'न्यू टँक सिंड्रोम' असे नाव आहे. टाकी तयार आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. ते मोजून पाहावे लागते आणि ही मोजणी घरच्या घरी, कोणालाही करता येण्याजोगी आहे.

निवळ पाण्यातले विष

मासा जे प्रथिन खातो, त्यातील नत्राचा मोठा भाग तो अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया प्रचंड पाण्यात विरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत मात्र, खडे आणि वरची रिकामी जागा वगळता, जेमतेम ५० लिटर पाणी असते. तेवढ्या पाण्यात काही दिवसांतच अमोनिया घातक पातळीला पोहोचतो. त्याला रंग नाही आणि या प्रमाणात वासही येत नाही. त्यामुळे पाणी स्फटिकासारखे दिसत असतानाच माशांचे कल्ले भाजून निघत असतात.

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो अत्यंत विषारी आहे, आणि दुसरे अमोनियम, जे तुलनेने सौम्य आहे. कोणते रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला तर एक तृतीयांशाहून अधिक होतो. म्हणूनच अमोनियाचा एकच आकडा एका घरात निभावून जातो आणि दुसऱ्या घरात मासे मारतो.

यावर निसर्गाचा उपाय म्हणजे जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असते आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर चिकटून वसाहत करतात. त्यांची वसाहत पुरेशी मोठी झाली, म्हणजे टाकी तयार झाली. पाण्याचा निवळपणा हा या प्रक्रियेचा पुरावा नव्हे, कारण निवळ पाणी पहिल्या दिवशीही असते.

वीस दिवस थांबलेला प्रयोग

ही गोष्ट कळायला विज्ञानालाही बराच काळ लागला. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ करणारे इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचे पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १८५० मध्ये, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा काचेच्या भांड्यातील समतोल मांडला होता. वनस्पती प्राणवायू देतात आणि मासे कर्बवायू, एवढे त्या काळी उमगले होते. अमोनियाचे काय होते, हे कोडे मात्र उरलेच होते.

ते १८७७ मध्ये फ्रान्समध्ये सुटले. श्लोझिंग आणि म्युन्झ या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब काचनळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले आणि पाहता पाहता अमोनिया नाहीसा झाला. हा केवळ रासायनिक बदल असता, तर तो पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. वीस दिवसांचा विलंब कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. पुढे ताज्या मातीचे पाणी घातल्यावर काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. हे काम सजीवांचे आहे, हे त्यातून सिद्ध झाले. १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने असे जिवाणू वेगळे काढून दाखविले.

नव्या मत्स्यपेटीत नेमका हाच प्रयोग घडत असतो. वाळूच्या जागी स्पंज आणि खडे, सांडपाण्याच्या जागी माशांचा अमोनिया, आणि तोच तीन-चार आठवड्यांचा विलंब. विलंबाचे कारण सोपे आहे. अन्न नासविणारे सामान्य जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंना त्यासाठी बरेच तास, कधी दिवसही लागतो. नायट्राइटवर जगणारे तर त्यांच्यानंतर येतात, कारण नायट्राइट तयार झाल्याखेरीज त्यांना अन्नच नसते.

गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीत नायट्राइट संपविणारे मुख्य जिवाणू 'नायट्रोबॅक्टर' असल्याचे पूर्वी मानले जाई. ते प्रामुख्याने 'नायट्रोस्पायरा' गटातील असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले. त्यावर्षीच्या दोन अभ्यासांपैकी एकातील जिवाणू मत्स्यपालनाच्या पाणी-गाळण यंत्रणेतूनच मिळाले होते.

आधी काच, मग पाणी

जिवाणूंचा विचार करण्यापूर्वी टाकीची साधी तपासणी उरकणे श्रेयस्कर. ५० लिटर पाण्याचे वजनच ५० किलो होते. काच आणि खडे धरून हा भार ७० किलोंच्या आसपास जातो. टेबल पक्के असावे, टाकीखाली थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर असावा आणि चारही कोपऱ्यांत पाण्याची पातळी काठापासून समान अंतरावर असावी. नवी टाकी पूर्ण भरून दोन दिवस तशीच ठेवावी. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरल्यास बारीकशी गळतीही लगेच दिसते. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ते अद्याप वाळत आहे असे समजावे. सांधे दुरुस्त करताना न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीनाशकयुक्त सिलिकॉन वापरू नये, ते माशांना घातक ठरते.

विजेची तपासणीही याच वेळी करावी. पंपाची आणि हीटरची वायर सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोलापाशीच खाली टपकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी. टाकीच्या जोडणीवर इएलसीबी असल्यास उत्तम.

धरणाचे पाणी, बोअरचे पाणी

नाशिक महापालिका शहराला प्रामुख्याने गंगापूर धरणातून आणि त्याशिवाय मुकणे व दारणा धरणांतून पाणी पुरविते. शुद्धीकरण केंद्रात ते गाळून त्यात क्लोरीन मिसळले जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. माणसाला कावीळ आणि अतिसारापासून वाचविणारी ही मात्रा माशाच्या कल्ल्यांना मात्र इजा करते. शिवाय ती जिवाणूंनाही मारते. श्लोझिंग आणि म्युन्झ यांच्या नळीत क्लोरोफॉर्मने जे केले, तेच काम टाकीत क्लोरीन करते. फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली धुणाऱ्या घरांत महिन्याभराची मेहनत पाच मिनिटांत वाहून जाते ती यामुळेच. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा.

क्लोरीन घालविण्याचे दोन मार्ग आहेत. पाणी उघड्या बादलीत, शक्य तर हवेचा पंप लावून, २४ तास ठेवावे. नाहीतर दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण पाकिटावरील प्रमाणात घालावे. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की क्लोरीनची मात्रा वाढू शकते, म्हणून त्या दिवसांत अधिक सावध राहणे इष्ट.

अनेक इमारतींत बोअरवेलचे पाणी वापरले जाते. त्यात क्लोरीन नसते. पण ते बहुधा जड असते आणि जमिनीखालून येताना त्यात प्राणवायू कमी व कर्बवायू अधिक असतो. असे पाणी एक दिवस हवेच्या पंपाने खेळते ठेवले की कर्बवायू उडून सामू वर जातो आणि स्थिरावतो. ताज्या पाण्याचा सामू मोजून समाधान मानणाऱ्यांची येथे फसगत होते. दुसऱ्या दिवशीचा आकडा हाच खरा आकडा.

आरओचे पाणी सर्वांत शुद्ध म्हणून ते टाकीत घालण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह टाळावा. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनियाकाठच्या नत्राचे रूपांतर होताना सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता खर्ची पडते. आरओच्या पाण्यात ही क्षारता जवळपास नसतेच. मग सामू घसरत जातो आणि जिवाणूंचे काम मंदावते. माशांनाही असा उतार सोसत नाही. साध्या नळाच्या पाण्यातील क्षार येथे उपयोगी पडतात.

टाकीला उपाशी ठेवू नका

नव्या टाकीबाबतची सर्वांत मोठी गैरसमजूत म्हणजे 'पाणी मुरू द्यावे'. टाकी भरून पंप चालू ठेवला आणि महिनाभर वाट पाहिली, तर त्यात फारसे काहीच होत नाही. जिवाणूंना अमोनिया हे अन्न आहे. अन्न नसेल तर वसाहत वाढणार कशी? अशा टाकीत महिन्यानंतर अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसते, कारण मुळात काही घातलेलेच नसते. या शून्यावर विश्वास ठेवून मासे सोडले जातात आणि पहिल्या दिवसाचीच गत होते.

म्हणून मासे आणण्यापूर्वी टाकीला अमोनिया पुरवावा लागतो. एक मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचे खाद्य घालून ते कुजू देणे. तो सोपा आहे, पण त्यातून किती अमोनिया झाला हे नेमके कळत नाही. दुसरा मार्ग अमोनियम क्लोराइडचा. हेच ते नवसागर, जे भांड्यांना कल्हई करताना कल्हईवाले वापरत. बाजारातील नवसागरात भेसळ असू शकते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या दर्जाचे शुद्ध अमोनियम क्लोराइड आणावे. घरसफाईसाठी मिळणारा सुगंधी किंवा साबणयुक्त अमोनिया मुळीच वापरू नये.

हिशेब असा. एक लिटर पाण्यात सहा ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवून बाटलीवर ठळक नाव लिहावे आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. या द्रावणाचे ५० मिलिलिटर ५० लिटरच्या टाकीत घातले की अमोनियाची पातळी लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम होते. तासाभराने संचाने मोजून खात्री करावी. पातळी पाचच्या वर नेऊ नये, अति अमोनियाने जिवाणूंचीच वाढ खुंटते. पंप अहोरात्र चालू ठेवावा, कारण या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो.

पुढचा क्रम साधारणतः ठरलेला आहे. पहिले आठ-दहा दिवस अमोनिया हटत नाही. मधल्या काळात पाणी पांढुरके होऊन पुन्हा निवळते. ही दुसऱ्याच प्रकारच्या जिवाणूंची तात्पुरती गर्दी असते, तिला तयारीची खूण समजू नये. त्यानंतर अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट झपाट्याने चढते. नायट्राइटचा हा चढ सर्वांत चिवट असतो आणि अनेकांचा धीर येथेच सुटतो. अखेर एके दिवशी नायट्राइट कोसळते आणि नायट्रेट वाढलेले दिसते. २५ ते २८ अंश तापमानाला या साऱ्यास तीन ते सहा आठवडे लागतात. अमोनिया अर्ध्यावर आला की पुन्हा तेवढाच घालून जिवाणूंना अन्न देत राहावे.

हा काळ कमी करायचा, तर श्लोझिंग आणि म्युन्झ यांचाच मार्ग आहे. त्यांनी थांबलेल्या नळीत ताज्या मातीचे पाणी घातले होते. मत्स्यपेटीत परिचितांच्या चालत्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे घालता येतात. ते आणताना टाकीच्याच पाण्यात ओले ठेवावेत आणि लगेच बसवावेत. टाकीत आजार असेल तर तोही सोबत येतो, हे मात्र विसरू नये. जिवाणूंच्या तयार बाटल्यांचा गुण साठवण आणि वाहतूक यांवर अवलंबून असतो. बाटली कितीही महाग असली, तरी अंतिम चाचणी चुकत नाही.

२४ तासांची परीक्षा

ती चाचणी अशी आहे. टाकीत अमोनियाची पातळी लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत आणावी. बरोबर २४ तासांनी पाणी तपासावे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेटमध्ये वाढ, अशा तीनही गोष्टी दिसल्या तर टाकी उत्तीर्ण. अमोनिया शून्य पण नायट्राइट शिल्लक, अशी स्थिती असेल तर काम अर्धेच झाले आहे. लागोपाठ दोन-तीन दिवस हाच निकाल आला म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

तिसऱ्या आकड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दोन मिलिग्रॅम अमोनियापासून लिटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते. तेवढी वाढ दिसली, तर हिशेब जुळला. अमोनिया नाहीसा झाला आणि नायट्रेट मात्र वाढले नाही, तर टाकीतील वनस्पतींनी तो शोषला असेल किंवा चाचणीतच चूक असेल. काही संच अमोनिया आणि नायट्रेटचे आकडे नत्राच्या रूपात देतात, त्यामुळे हिशेब करण्यापूर्वी माहितीपत्रक वाचून घ्यावे.

चाचणीसाठी पट्ट्यांपेक्षा थेंबांचे द्रावण असलेला संच अधिक भरवशाचा. अमोनियाच्या नळीत रंग पिवळा राहिला तर शून्य आणि हिरवट झाला तर अमोनिया आहे. नायट्राइट असेल तर गुलाबी किंवा जांभळी छटा येते. नायट्रेटच्या संचातील एका बाटलीतील द्रव्य तळाशी बसते. ती अर्धा मिनिट जोरात हलविली नाही, तर नायट्रेट आहे त्यापेक्षा कमी दिसते. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून पाहावा. कालबाह्य झालेली बाटली वापरू नये. संचावर शंका असेल तर नळाचे साधे पाणी आणि अमोनिया घातलेले पाणी अशा दोन्हींची चाचणी करून फरक दिसतो का ते पडताळावे.

नाशिकची थंडी आणि उन्हाळा

तापमानाचा मुद्दा नाशिककरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत शहरातील पारा अनेकदा १० अंशांखाली जातो. घरातील पाणी तेवढे गार होत नसले, तरी १८ ते २० अंशांवर येणे सहज शक्य आहे. या तापमानाला जिवाणूंची वाढ मंदावते आणि चार आठवड्यांचे काम दोन महिन्यांवर जाऊ शकते. दिवाळीत भरलेली टाकी संक्रांतीलाही तयार नसेल तर नवल वाटू नये. गप्पी, मोली, टेट्रा, एंजल हे उष्ण पाण्यातील मासे आहेत आणि त्यांना २४ ते २८ अंश मानवतात. लिटरमागे एक वॉट या ठोकताळ्याने ५० लिटरच्या टाकीला ५० वॉटचा, तापमान-नियंत्रक असलेला हीटर पुरतो. तापमापी टाकीत हवीच आणि पहाटेचा आकडा पाहणे अधिक बोलके.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि ३० अंशांना साडेसातच. सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकमध्ये हे प्रमाण आणखी थोडे कमी भरते. जिवाणू आणि मासे यांची गरज मात्र उष्णतेसोबत वाढते. अशा वेळी काही तास वीज गेली, तर बंद फिल्टरमधील जिवाणू गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात ठेवणे हा तयारीचाच भाग मानावा.

मासे आणण्याचा दिवस

टाकी उत्तीर्ण झाली, तरी त्या काळात नायट्रेट बरेच साठलेले असते. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी निम्मे किंवा त्याहून अधिक पाणी बदलून ते लिटरमागे २० ते ४० मिलिग्रॅमच्या खाली आणावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि साधारण त्याच तापमानाचे असावे. काढलेले पाणी गटारात ओतण्याऐवजी कुंड्यांना घालावे, नायट्रेट हे झाडांचे खाद्यच आहे. गोदापात्रात पसरणाऱ्या पाणवेलींनाही सांडपाण्यातील अशाच पोषकद्रव्यांवर बळ मिळते.

चाचणीनंतर मासे एक-दोन दिवसांतच आणावेत. उशीर होणार असेल तर टाकीला अमोनियाचा खुराक चालू ठेवावा, नाहीतर वसाहत उतरणीला लागते. मासे आणायचे त्या दिवशी मात्र अमोनिया शून्य असल्याची खात्री करून घ्यावी.

पिशवी उघडण्याआधी ती १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्यावे. दुरून आलेल्या पिशवीत माशांच्या श्वासामुळे कर्बवायू साठून सामू खाली आलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडताच कर्बवायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून उघडी पिशवी तासन् तास ठेवू नये आणि पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. मासे जाळीने उचलून सोडावेत.

किती मासे, हा शेवटचा आणि कळीचा प्रश्न. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे टाकी अमर्याद झाली असे नव्हे. ५० लिटरच्या टाकीत सुरुवातीला चार-सहा लहान मासे पुरेत. आपल्याच उपखंडातील झेब्रा डॅनिओ किंवा गप्पी ही चांगली सुरुवात ठरते. गोल्डफिश दुकानात बोटभर दिसला, तरी तो मोठा होतो, भरपूर घाण करतो आणि एवढ्या टाकीत मावत नाही. वास्तूसाठी म्हणून मागितले जाणारे ॲरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न यांची गोष्ट तर त्याहून कठीण. असे मासे वाढले की कोणी ते नदीत सोडून देतो आणि पुण्याची वाटही न धरता पाप पदरी पाडून घेतो. उजनी जलाशयात सकर माशाचा उपद्रव मच्छीमारांना सोसावा लागला, तो परदेशी मासा मुळात मत्स्यपेट्यांतूनच पसरलेला आहे. गोदावरीत किंवा गंगापूर धरणात घरचे मासे सोडणे हा दयेचा मार्ग नव्हे.

पहिला आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासावे आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. यांपैकी कोणताही आकडा शून्यावरून हलला, तर खाद्य थांबवून त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदलावे. आकडे आठवडाभर शून्यावर राहिले, की पुढचे दोन-तीन मासे आणण्यास हरकत नाही.

चार-सहा आठवडे रिकामी टाकी पाहत बसणे मुलांच्या जिवावर येते, हे खरे. पण याच काळात त्यांच्या हाती वही द्यावी आणि रोजचे तीन आकडे लिहून आलेख काढू द्यावा. अमोनिया चढतो आणि उतरतो, त्यामागून नायट्राइट चढते आणि उतरते, शेवटी नायट्रेट वर जाते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मासे आणण्याचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही. तो त्या वहीतल्या दोन शून्यांत असतो आणि तो पाळला, तर पहिला मासा मरताना पाहण्याची वेळ मुलांवर बहुधा येत नाही.